सूप खाली ठेवा

सगुणाकाकू गेल्याचे मला चिचगडच्या मंडईत कळले. दिवाळी उलटली की आमच्या या भागात गावोगाव मंडई भरते. रात्रभर दंडारीचा खेळ रंगतो, लेकी माहेरी येतात, आणि दुकानदार आज या गावी तर उद्या त्या गावी पाल ठोकत फिरतात. त्यांतल्या एका पालात गोंदियाची कासारीण बसली होती. मी गोंदियाला असताना ती आमच्या गल्लीत यायची. तिने मला ओळखले, हाताला धरून खाली बसवले आणि माझी बोटे दाबत दाबत बांगडी चढवू लागली.

"तुमाले मालूम नसंल जी," ती म्हणाली. "तुमची पोथीबाई गेली."

"कोण?"

"पोथीबाई जी. मालबाबूची बायको. पोळ्याच्या आंगंमांगं गेली. ताप आलता. हात ढिला सोडा बाई, काच हाये."

हात तिच्या हातात होता, म्हणून मला उठून जाता आले नाही. दोन्ही हात भरून होईपर्यंत मी तिथेच बसून राहिले. शेजारच्या मैदानात ढोलकी वाजत होती आणि कासारीण मला चिचगडच्या पाण्याबद्दल विचारत होती. मी तिला काय उत्तरे दिली, ते मला आठवत नाही.

त्यानंतर बरेच दिवस मी हे लिहायला बसते आहे आणि चार ओळींपुढे जात नाही. चरित्र लिहावे इतके मला काकूंबद्दल ठाऊकही नाही. त्यांचे माहेर कुठले, शिक्षण किती झाले, हे मी कधी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. भिंतीपलीकडच्या शेजारणीला जेवढे दिसते आणि ऐकू येते, तेवढेच माझ्यापाशी आहे. त्यातही ऐकू आलेलेच जास्त.

तेव्हा मी गोंदियाला मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि रेल्वे चाळीमागच्या गल्लीत एक खोली घेऊन राहत होते. शेजारच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या आणि नागपूरहून बदली होऊन आलेले एक गृहस्थ तिथे बिऱ्हाड घेऊन उतरले. ते मालधक्क्यावर कारकून होते, म्हणून सगळे त्यांना मालबाबू म्हणत. मी काका म्हणू लागले. मूलबाळ नव्हते. काका इतके कमी बोलत, की ते घरी आले आहेत हे मला त्यांच्या चपलांवरून समजे. काकू चाळिशीच्या, उंच, एका कानाने जरा कमी ऐकू येणाऱ्या, आणि म्हणूनच मोठ्या आवाजाच्या. पदर खोचून त्या अशा चालत, जणू पुढे कुठेतरी कार्यक्रम सुरू झाला आहे आणि आपल्याला उशीर होतो आहे.

आल्याच्या दुसऱ्या सकाळी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"मग? आज काय आहे?"

"आज?"

"गावात गं. कीर्तन, व्याख्यान, नाटक, काहीतरी असेलच ना?"

मी विचार केला. "आज बाजार आहे."

"तो संपल्यावर?"

"संपल्यावर बाजार उठतो."

काकूंनी माझ्याकडे असे पाहिले, जणू उठणारा बाजार मीच भरवला होता.

नागपूरला त्यांचे दिवस भरलेले असत. कीर्तन असो की बायकांची सभा, त्या सगळ्यांच्या आधी जाऊन पुढे बसत. व्याख्यान उपनिषदांवर आहे की मधमाश्यांवर, याचे त्यांना काही नसे. "माणसं एका जागी बसून एकाच गोष्टीकडे पाहतात ना, ते मला आवडतं," असे त्या म्हणत. घरी सासऱ्यांची दृष्टी गेली होती. त्यांना वर्षानुवर्षे रोजचे वर्तमानपत्र काकूच वाचून दाखवत, पहिल्या मथळ्यापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत. काही गाळलेले म्हाताऱ्यांना चालत नसे. सासरे गेले, मग बदली झाली, आणि काकूंच्या हातातले सगळे एकदम काढून घेतल्यासारखे झाले.

पहिला उद्योग त्यांनी शोधला तो स्टेशनावर जाण्याचा. नागपूरकडून येणारी गाडी दुपारी लागे. काकू फलाटावर जाऊन उभ्या राहत, उतरणाऱ्या सगळ्यांना नीट पाहून घेत आणि परत येत. काकांना हे फार जड गेले. एकदा भिंतीपलीकडून मी त्यांचे त्या आठवड्यातले सर्वांत लांब वाक्य ऐकले.

"साहेब विचारत होते, मालबाबू, आपकी घरवाली रोज किसको लेने आती है?"

"मग सांगायचं ना, कोणालाच नाही म्हणून."

"ते कसं सांगायचं?"

"आता मला सांगितलं तसंच."

पण थोड्याच दिवसांत त्यांनी ते आपणहून सोडले. मी कारण विचारले, तेव्हा म्हणाल्या, "गाडीतून उतरतात ते नागपूरचे नसतात गं. ते गोंदियाचेच असतात, नागपूरला जाऊन आलेले. उतरले की घराकडे पळतात." मग माझ्या उंबऱ्यावरच टेकल्या. "मास्तरीण, मला काहीतरी करायला पाहिजे. नाहीतर मी यांच्याशी भांडायला लागेन. आणि ते तर भांडतही नाहीत."

चैत्रात त्यांनी हळदीकुंकू मांडले. आदल्या दिवशी गल्लीतल्या घराघरांत जाऊन स्वतः बोलावणे केले. आंब्याची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे, उसाचे करवे, सगळे नागपूरच्या थाटाचे. सतरंजी माझ्या घरची. दिवस मावळला, दिवा लागला, आणि त्या सतरंजीवर मी एकटी बसले होते. काकू दारात जात, गल्लीच्या टोकापर्यंत पाहत आणि परत येत. "सगळ्या हव म्हणाल्या होत्या गं," त्या म्हणाल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या नाहीत.

आपल्याला कोणी टाळले, तर आपण चार दिवस मनात कुढतो. काकू दुसऱ्या दिवशी सकाळीच थेट भागरताबाईच्या घरी गेल्या. भागरताबाई कोपऱ्यावर राहायची. तिचा वटा, म्हणजे घरापुढचा ओटा, मोठा होता, म्हणून गल्लीतल्या विड्या वळणाऱ्या बायका दिवसभर तिथेच बसत. माझी शाळेची वाट तीच, त्यामुळे मी बरोबर होते.

"काल का आल्या नाहीत?" काकूंनी उभ्यानेच विचारले.

भागरताबाईच्या मांडीवर सूप होते, सुपात जर्दा आणि कापलेली तेंदूची पाने. तिची बोटे थांबली नाहीत. "कवा येनार जी? दिवस बुडता मुन्शी येते विड्या न्याले. तवा काय आमी हळदकुकू लावत बसाचं?"

"मग हव कशाला म्हणालात?"

"तुमी दारापावतर आल्या. दारात आलेल्याले नाही कसं म्हनाचं?" तिने विडीचे तोंड नखाने मुडपले, दोरा गुंडाळला. "अन् आमाले वाटलं, तुमी आपल्या रिवाजानं म्हनून राह्यल्या. आमी खरंच तुमच्या घरात येऊन बसलो असतो, तं तुमालेच जड गेलं असतं."

ते खरे होते हे त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसले; आणि खरे आहे म्हणून त्या निघून जातील असेही वाटले. पण त्या म्हणाल्या, "डाळ उरली आहे. इथे आणली तर खाल?"

"आना जी," भागरताबाई म्हणाली. "हात कामात हायेत, तोंड मोकळंच हाये."

त्या दुपारी काकू डाळीचे पातेले घेऊन वट्यावर गेल्या आणि तिथल्याच झाल्या. आधी त्यांनी विडी वळायला घेतली. पत्र्याच्या साच्यावर पान ठेवून कापणे जमले, पण वळणे काही केल्या जमेना. संध्याकाळी ठेकेदाराचा मुन्शी सायकलवरून आला. त्याने काकूंची एक विडी दोन बोटांत धरून उजेडाकडे केली. "ये बीड़ी है कि लौकी?" सगळा वटा हसला. काकू सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसल्या आणि हात झटकून म्हणाल्या, "हे माझ्याने व्हायचं नाही. मी वाचून दाखवू का?"

घरातली पोथी त्यांनी नेली. त्यावरून त्यांना पोथीबाई हे नाव पडले, पण ती पोथी फार दिवस टिकली नाही. "हे तं आमाले पाठ हाये जी," भागरताबाईने सांगून टाकले. "पुढं काय होनार कोनालेच मालूम नाही, असं काही नाही का तुमच्यापाशी?"

मग काकू माझ्याकडे आल्या. शाळेच्या कपाटात पुठ्ठा निघालेली एक कादंबरी होती. बाप मेलेल्या एका मुलीला काका घराबाहेर काढतो आणि ती दारोदार फिरते, अशी काहीतरी कथा. मी ती वाचून बाजूला ठेवली होती. भागरताबाईच्या वट्यावर ती मी पुन्हा ऐकली, आणि ती मला निराळीच वाटली. सासऱ्यांच्या सवयीने काकू काही गाळत नसत. छापखान्याचे नाव, किंमत, दुसरी आवृत्ती, सगळे त्याच ठसक्यात. शेवटच्या पानावर केशवर्धक तेलाची जाहिरात होती. ती बायकांना इतकी आवडली, की कथा कंटाळवाणी झाली की कोणीतरी म्हणे, "जरासं त्या तेलाचं वाचा ना जी."

कथेतल्या माणसांवर त्या तिथल्या तिथे तोंड टाकत.

"काऊन गेली व ते घर सोडून?"

"काकानं काढली ना."

"काढली म्हनून जायेल का? दोन लाता घालाच्या ना त्या मुडद्याले."

"लिहिनाराले सांगजो, आमाले कायले सांगतं?"

"लिहिनारा मानूस हाये. त्याले काय समजते?"

काकू पुस्तकावर बोट ठेवून थांबत आणि हे सगळे आनंदाने ऐकत. नागपुरात पहिल्या रांगेत बसणाऱ्या काकू इथे सगळ्यांकडे तोंड करून बसल्या होत्या.

वाचता वाचता त्यांचा घसा सुके. सुरुवातीला भागरताबाई कोणाला तरी काकूंच्याच घरी धाडून पाणी मागवत असे. कारण कोणी बोलून दाखवत नव्हते, पण वट्यावरच्या प्रत्येकीला ते माहीत होते. एका दुपारी कथेतली मुलगी तापाने पडली होती, वैद्य अजून यायचा होता, आणि काकूंना ठसका लागला. एक बाई पाणी आणायला उठली. काकूंनी तिला हाताने खाली बसवले, भागरताबाईचा लोटा उचलला, वरून घटाघटा पाणी प्यायल्या आणि पुढे वाचू लागल्या. "तुझं पाणी येईपर्यंत ती पोरगी मेली असती," एवढेच नंतर म्हणाल्या. काकांच्या कानावर ते गेले असावे. दोन दिवस चपलांखेरीज पलीकडून काहीच ऐकू आले नाही. तिसऱ्या दिवशी काकांनी विचारले, "मग वैद्य आला का?"

वाचन असे रंगात आले असतानाच एका संध्याकाळी मुन्शी खाली उतरला आणि सायकल त्याने वट्याला टेकवली. एरवी तो सायकलवर बसूनच, एक पाय वट्याला टेकवून माल घेई.

विड्या घेताना मुन्शी एकेक कट्टा, म्हणजे विड्यांची जुडी, हातात घेऊन अंगठ्याने दाबून पाही. ढिली विडी लागली की मोडून फेकून देई. त्याला छाट म्हणत. छाट झालेली विडी बाईच्या नावावर लागत नसे. पान गेले, जर्दा गेला, दिवस गेला. त्या दिवशी त्याच्या पायाशी मोडलेल्या विड्यांचा ढीग झाला.

"भागरताबाई, ये देखो," तो म्हणाला. "पूरे गोंदिया में इतनी छाट कहीं नहीं निकलती. जबसे ये किताब शुरू हुई है तबसे. सेठ बोले हैं, ऐसा ही रहा तो अगले हफ्ते से इस ओसरी को पत्ता बंद."

पाने आणि जर्दा ठेकेदाराकडूनच येत. पाने बंद म्हणजे काय, हे तिथे कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते. काकूंनी पुस्तक मिटले, घरी आल्या आणि दुसऱ्या दिवशी बाहेर पडल्या नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. संध्याकाळी माझ्या दाराची कडी वाजली. काका उभे होते. ते माझ्या दारात आल्याचे मला दुसऱ्यांदा आठवत नाही.

"ती कालपासून काही बोलली नाही," ते म्हणाले. "तुम्ही जरा येता का?"

काकू चुलीपाशी बसल्या होत्या. हातात काही काम नव्हते. "त्यांच्या पोटावर पाय आला गं माझा," त्या म्हणाल्या. "मला करायला काही नव्हतं, म्हणून मी त्यांच्या करण्यात जाऊन बसले." मी काही पुस्तकी समाधान सांगितले असेल. त्याचा उपयोग झाला नाही.

उपयोग झाला तो भागरताबाई आली त्याचा. ती या घराचा उंबरठा पहिल्यांदाच चढत होती. दारापाशी क्षणभर थांबली, मग आत येऊन खाली बसली.

"काऊन बसल्या जी घरात?"

"माझ्यामुळे छाट निघते."

"निघते तं. त्यात खोटं काय?" भागरताबाई म्हणाली. "तुमी सारखं पोथीत पाह्यता. आमच्याकडं पाह्यत नाही. ते पोरगी विहिरीपाशी गेली तवा सगळ्याईचे हात थरथरून राह्यले होते, अन् तुमी वाचतच गेल्या. कान तिकडं, बोटं इकडं. मंग इडी ढिली होनार नाही तं काय?"

"म्हणून तर बंद केलं."

"बंद करा म्हनाले मी नाही आली. तिनं उडी टाकली का नाही, ते इचाराले आली. दोन दिवस झाले, माह्या डोक्यातून ते विहीर जाऊन नाही राह्यली. आता वाचून नाही राह्यल्या तरी छाट निघूनच राह्यली."

हळूहळू काकूंच्या चेहऱ्यावर ती घाई परत आली, कार्यक्रमाला उशीर झाल्याची.

"म्हणजे रडायचं पान असेल ते मागे ठेवायचं," त्या म्हणाल्या. "कट्टे बांधून मुन्शी गेला, की मग वाचायचं. तोवर साधं साधं."

"रडाचं बी अन् हासाचं बी," भागरताबाई म्हणाली. "हासलं का जर्दा सांडते."

तिथून काकूंचे खरे काम सुरू झाले. आता पुस्तक नुसते वाचून भागत नव्हते. उद्याची पाने आज पारखावी लागत. त्यासाठी त्यांनी काकांना धरले. काका जेवायला बसले की काकू समोर बसून वाचत. डोळा पानावर आणि काकांच्या उजव्या हातावर. घास ताटातून उचलला आणि तोंडापर्यंत जाण्याआधी थबकला, की त्या तिथे विडीचा लाल दोरा घालून ठेवत. "यांचा हात थांबला म्हणजे कोणाचाही थांबेल," असा त्यांचा हिशेब. दुसऱ्या दिवशी दोरा आला, की त्या तिथे थांबत. पुढे मग वर्तमानपत्र, तेल, नागपूरच्या हकिकती, जे हाताशी असेल ते. मुन्शी आपला माल घेऊन गेला, की दोऱ्याचे पान.

हे चांगले चालले आणि एक दिवस फसले. त्या कथेत एक सासू कोठीला कुलूप लावून सुनेला रोजचा तांदूळ मापून काढून देते, आणि माप भरून झाल्यावर वरचा तांदूळ हाताने सपाट करून मूठभर परत घेते. काका ते पान ऐकत सगळे जेवण जेवले होते. दोरा नव्हता. वट्यावर काकू ते वाचू लागल्या आणि दोन-तीन वाक्यांत त्यांना काहीतरी जाणवले. त्यांनी मान वर केली. सगळ्या सुपांवरची बोटे थांबली होती. एकही विडी वळली जात नव्हती.

काकू आपले पुस्तक मिटून मोठ्याने म्हणाल्या, "सूप खाली ठेवा." आणि सुपे खाली ठेवली गेली. त्या दुपारी कोणी रडले नाही. प्रत्येकीने आपापल्या घरातले माप सांगितले. ते मी इथे लिहीत नाही.

त्यानंतर काकांच्या घासावर विसंबणे त्यांनी सोडले. त्या पान वाचत आणि बोटे पाहत, पान आणि बोटे, पान आणि बोटे. वीस हातांपैकी एक अडखळला तरी त्यांचा आवाज सावकाश होई, दोन अडखळले की त्या दुसरीकडे वळत. छाट कमी झाली. मुन्शी कट्टा दाबून पाही, पुन्हा दाबून पाही आणि न बोलता थैलीत टाकी. न बोलणे ही त्याची शाबासकी. पण त्याला उशीर लागला, तर आता वट्यालाच धीर धरवत नसे. एका संध्याकाळी तो मोजता मोजता तंबाखू मळायला थांबला, तेव्हा भागरताबाई म्हणाली, "आवरा ना जी मुन्शीजी लवकर. आमाले रडाचं हाये."

मुन्शीने सगळ्यांकडे पाहिले, मुकाट्याने थैली बांधली आणि सायकल घेऊन निघाला. पण गल्लीच्या टोकाशी कडुलिंबाखाली त्याची सायकल उभी असलेली मी त्या संध्याकाळी पाहिली. काकूंचा आवाज तिथपर्यंत सहज जात असे.

मग वर्षे गेली. युद्ध आले, कागद महागला, नवी पुस्तके दिसेनाशी झाली. शाळेचे कपाट संपले. काकू वर्षातून एकदा-दोनदा नागपूरला जात आणि नातेवाइकांच्या माळ्यांवरून जुनी पुस्तके पिशवीत भरून आणत. आठवडाभर राहते म्हणून जात आणि दोन दिवसांत परत येत. "तिथे मला काही कामच नव्हतं," असे म्हणत. हे वाक्य त्या कुठल्या गावाबद्दल बोलत आहेत, हे त्यांच्या लक्षातही येत नसे.

काकांना नागपूरला परत जाण्याची संधी दोनदा आली. पहिल्या खेपेस त्यांनी जेवताना विचारले. भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, "आत्ता कसं जमेल? गोष्ट अर्धी राहिली आहे."

दुसऱ्या खेपेस काकांनी विचारले, "गोष्ट कुठवर आली?"

"अर्धी झाली."

"बरं," काका म्हणाले. बदली दुसऱ्या कोणी घेतली. गोष्ट नेहमीच अर्धी राहणार, हे त्यांना उमजले असावे. आणि मला वाटते, त्यांना स्वतःलाही ती ऐकायची होती.

शेवटी बदली झाली ती माझी. चिचगडला मुलींसाठी वर्ग निघायचा होता आणि तिथे जायला दुसरी कोणी तयार नव्हती. आदल्या दिवशी मी काकूंसमोर बसून रडकुंडीला आले. जंगलातले गाव, ओळखीचे कोणी नाही, मी तिथे दिवसभर काय करू? काकूंनी माझी समजूत घातली नाही. "गेल्या गेल्या काही मांडू नकोस," एवढेच म्हणाल्या. "मी मांडलं होतं सतरंजीवर. आधी लोक कुठे बसतात ते बघ, आणि तिथे जाऊन बस." मग म्हणाल्या, "उद्या जाताना वट्याशी थांब. निरोप तिथेच."

दुपारी टांग्यात ट्रंक आणि वळकटी चढवून मी निघाले आणि वट्यापाशी टांगा थांबवला. काकू वाचत होत्या. पुस्तक नागपूरहून नुकतेच आणलेले, मी न पाहिलेले. मला पाहून त्यांनी डावा तळवा जरासा वर केला: थांब. वाचन सुरूच राहिले. भागरताबाईने माझ्याकडे पाहिले, ओठांच्या कोपऱ्यात हसली, आणि तिची बोटे तशीच चालत राहिली. सगळ्याच बायकांची बोटे चालत होती, एका लयीत, पान, जर्दा, वळण, दोरा. मी टांग्याच्या चाकावर हात ठेवून उभी राहिले.

एक परिच्छेद संपला. दुसरा सुरू झाला. काकूंचे डोळे पानावर जात, मग त्या बोटांवर, मग पानावर. माझ्याकडे आले नाहीत. तो तळवा मात्र तसाच वर होता.

"बाईजी, मोटर छूट जाएगी," टांगेवाला म्हणाला.

मी आणखी थोडे थांबले. काम इतके छान लागले होते, की तिथे थांबण्याजोगे काही येतच नव्हते. आणि ते माझ्यासाठी मोडू नये, असे मला वाटले. मी टांग्यात चढले. टांगा हलला, तेव्हा तो तळवा खाली आला आणि त्याने पान उलटले. काकूंचा आवाज वळणापर्यंत माझ्याबरोबर होता. ती गोष्ट कोणती, हे मला अजून समजलेले नाही. त्यात कोणीतरी एका दारावर थाप मारली होती, आणि आतून कोणी दिवा घेऊन उघडायला उठत होते.